पटासाठी फिरताना

सातवीची परीक्षा संपली त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "उद्या सकाळी ये गं. पटासाठी फिरायचंय."

आमची शाळा लहान. पाचवी ते आठवी, तीन खोल्या, तीन शिक्षक. पाचवीला मुलं मिळाली नाहीत तर वर्ग बंद होणार होता. बाई मोहोळहून एसटीनं यायच्या, त्यांना तेलुगू येत नव्हतं, आणि आमच्या गल्लीतल्या बायका घरात तेलुगूच बोलायच्या. म्हणून मला बरोबर घेतलं.

दहा वाजायच्या आतच ऊन डोक्यात जायला लागलं. प्रत्येक दारात एकच उत्तर, "इंग्लिश मीडियमला घातलंय. रिक्षा दारात येते." सहाव्या घरापर्यंत बाईंचा आवाज बसला.

सातव्या घरी एक अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. चौथीची परीक्षा दिलेली तिची मुलगी शेजारी पानं कातरत होती. बाई उंबऱ्यावरच बसल्या.

"सांग त्यांना, आपल्या शाळेत कॉम्प्युटर आहे."

होता खरा. ऑफिसात, कव्हर घातलेला. मी तो कधी चालू झालेला बघितला नव्हता. मी तेलुगूत एवढंच म्हटलं, "मुलीला आमच्या शाळेत पाठवा म्हणतात."

अक्कानं हात न थांबवता विचारलं, "तुला आवडते का ती शाळा? खरं सांग."

सातवी-आठवी एकाच खोलीत. आठवीचं गणित चाललं की आम्ही खाली मान घालून बसायचं. मुलींच्या संडासाला कडी नव्हती. काय सांगू?

"बाई मारत नाहीत," मी म्हटलं. "ताप आला तर घरापर्यंत सोडायला येतात."

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"बघू म्हणाल्या." अक्का काहीच बोलली नव्हती.

जूनमध्ये मुलगी आली आणि पाचवीचा वर्ग टिकला. चौथीपर्यंत ती तेलुगू शाळेत होती. तिला मराठी जमत नव्हतं, त्यामुळे मधल्या सुट्टीत ती माझ्याच मागे. फळ्यावर काय लिहिलंय, गुरुजी का ओरडले, सगळं मीच सांगायचं. कधी कधी मी तिला चुकवून मैदानाच्या पलीकडे जाऊन बसायची.

दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. आम्ही परत तिच्या घरी गेलो. अक्काची बोटं सुजली होती, सूप आता मुलीच्या मांडीवर होतं. बाई या वेळी उंबऱ्यावर न बसता उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "परीक्षेला तरी येईल का, विचार."

मी विचारलं. अक्कानं हो म्हणून मान हलवली.

ती परीक्षेला आली. नाव लिहिलं, दोन गाळलेल्या जागा भरल्या आणि घंटा होईपर्यंत नुसती बसून राहिली. मी तिला घरी सोडायला गेले.  मला आता कुणाचं काही कुणाला समजावून सांगायचा कंटाळा आला होता.