यादीत दोनदा

पंजाबराव गुरुजींनी एकदा स्वतःच्याच नावापुढे उशिराची नोंद केली होती. पिंपळगाव राजाच्या अलीकडे मोटारसायकल पंक्चर झाली आणि टेंभखेडच्या शाळेत पोचायला चार मिनिटं उशीर झाला. पाहणारं कोणी नव्हतं. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, सुचिता मॅडम, रजेवर होत्या, आणि पोरं तर गुरुजी येत नाहीत म्हणून खुशीत होती. तरी गुरुजींनी लाल पेन काढलं, हजेरीपटावर 'चार मिनिटे उशीर' असं लिहिलं, खाली सही केली आणि चार मिनिटं वर्गाच्या दारात उभे राहिले. पोरांना वाटलं, गुरुजींना कोणी ओणवंही करील.

अशा माणसाच्या नशिबी कोरोना आला. बाकीच्यांना साथीत ताप आला, गुरुजींना परिपत्रकं आली. शाळा बंद, शाळा सुरू, अर्धी सुरू, पाचवीची सुरू आणि चौथीची बंद. एक परिपत्रक वाचून होईस्तोवर त्याला रद्द करणारं दुसरं मोबाईलवर टुंग करून यायचं. गुरुजी प्रत्येकाची छापील प्रत काढून, दोन भोकं पाडून, हिरव्या दोरीने फायलीत बांधायचे. फाईल एवढी जाड झाली, की सुचिता मॅडम तिच्यावर पाय ठेवून वरच्या फळीवरचा नकाशा काढत. अंगणात सहा-सहा फुटांवर चुन्याची वर्तुळं आखली होती. एक वर्तुळ नेमकं हातपंपाखाली आलं, तर गुरुजींनी पोरांना सांगितलं, "त्याच्यात उभं राहायचं नाई, पन ते हायच."

घरीसुद्धा ते बायकोपासून सहा फुटांवर जेवायला बसले. रुखमाबाई ताट सरकवत म्हणाल्या, "काऊन तरास घेता? तीस वर्षांपासून तेवढ्याच अंतरावर हाव आपन."

आता महामायेचं सांगायला हवं. टेंभखेडच्या शाळेत पोरं तेवीस, त्यातली पाचवीत सहा, आणि त्या सहांत एक महामाया. तिची आई धम्मशीला दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. घरात साधा फोन, त्यामुळे शाळा बंद असताना मोबाईलवरचं शिक्षण तिच्या घराच्या दारापर्यंतसुद्धा आलं नाही. गुरुजी मग रोज विहाराच्या ओट्यावर बसून तिला शिकवायचे. ओट्याच्या एका टोकाला गुरुजी, दुसऱ्या टोकाला ती, आणि मधून गणितं ओरडत जायची. अख्ख्या वस्तीला त्या वर्षी सरासरी काढता येऊ लागली.

हे सगळं कशासाठी? निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी. तिथे नाव लागलं की बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथेच. पण परीक्षा फक्त पाचवीतच देता येते, जन्मात एकदाच. टेंभखेडचं नाव त्या यादीत आजवर लागलं नव्हतं. महामाया गुरुजींची बेरीज चुकली तर हात वर करून सांगायची, आणि गुरुजी खूश होऊन फळा पुसायचे. ही पोरगी जाणार, याबद्दल गावात कोणालाच शंका नव्हती. परीक्षा सहा फेब्रुवारीला, रविवारी.

जानेवारीच्या शेवटी शाळा पुन्हा उघडली. संक्रांत बंदमध्येच गेली होती, पण रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, म्हणून पोरांनी अठ्ठावीस तारखेच्या शुक्रवारी डबे भरून तिळगूळ आणला. तेवीस पोरांनी तेवीस पोरांना वाटला. मास्क हनुवटीवर, बोटं तोंडात.

सोमवारी कळलं, पाचवीतल्या राजकुमारचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पुण्याहून आलेल्या काकाने पुतण्याला बॅट आणली होती, तिच्यासोबत हेही आणलं.

त्याच दुपारी तालुक्याहून आदेश आला: बाधित विद्यार्थ्याच्या संपर्कातील सर्वांची यादी तत्काळ पाठवावी, संपर्काच्या दिवसापासून दहा दिवस विलगीकरण. दुसरा एखादा शिक्षक चार नावं लिहून मोकळा झाला असता. गुरुजींनी एकेक पोराला वर्तुळात उभं करून चौकशी केली, कोणी कोणाला तिळगूळ दिला. सगळ्यांनी सगळ्यांना. झाली बावीस नावांची यादी. पाचवीपासून सुरुवात, म्हणून पहिलं नाव महामायेचं, आणि अक्षर असं की लग्नपत्रिकेत छापावं.

यादी पाठवल्यावर गुरुजींनी बोटांवर दिवस मोजले. अठ्ठावीस अधिक दहा. सात फेब्रुवारी.

त्यांनी पुन्हा मोजले. मग भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून मोजले. सातच.

"मॅडम," ते सुचिता मॅडमना म्हणाले, "एका दिवसानं गेली पोरगी."

मंगळवारी फोनवर टुंग झालं. आदेश बदलला! आता तीन फुटांच्या आत, पंधरा मिनिटांहून जास्त जवळ असलेलेच संपर्कात धरायचे. आणि दहाचे सातच दिवस. गुरुजी खुर्चीवरून उठले. तिळगुळाला काय पंधरा मिनिटं लागतात? "सुटली! सगळीच सुटली!" असं ते ओरडले आणि तेवढ्यात त्यांची नजर पाचवीच्या बाकावर गेली.

गुरुजींची जुनी पद्धत होती, हुशाराशेजारी ढ बसवायचा. राजकुमारला अपूर्णांक भाकरीचे तुकडे करून दाखवले तरच कळत, आणि कळायच्या आत तो तुकडे खाऊन टाकी. म्हणून शाळा उघडल्यापासून गुरुजींनी स्वतः महामायेला त्याच्या बाकावर बसवलं होतं. रोज अर्धा तास, शुक्रवारीसुद्धा. एकवीस पोरं सुटली. अडकली ती एकटीच, आणि तिला तिथे बसवणारा हाच शहाणा.

आदेशाची दुसरी ओळ त्यांनी मग वाचली. सात दिवस, पण रिपोर्टच्या तारखेपासून. एकतीस जानेवारी अधिक सात. सात फेब्रुवारी. वरून तीन दिवस कमी केले होते आणि खालून तीन दिवस पुढे ढकलले होते.

गुरुजींनी सुधारित यादी लिहिली. एकच नाव. लिहिताना त्यांचं पेन दोनदा थांबलं, पण लिहिलं.

बुधवारी तालुक्याहून गोकुळभाऊंचा फोन आला. हे तिथले बाबू, माणूस गोड, पण आकड्यांपुढे लाचार.

"गुर्जी, तुमच्या शाळेत पोरं किती?"

"तेवीस."

"मंग हे काय? सोमवारी बावीस, मंगळवारी एक, तेवीस झाले. अन् एक बाधित. चोवीस होतात. चोविसावं पोरगं कोठून आनलं?"

"अहो, मंगळवारची यादी सुधारित हाय. पहिली रद्द धरायची."

"रद्द करायचा रकानाच नाई ना गुर्जी. इथं फक्त वाढवाचा हाय. तुमी खुलासा पाठवा चोविसाव्या पोराचा."

गुरुजींनी नसलेल्या पोराबद्दल दीड पानी खुलासा पाठवला. नोकरीतलं त्यांचं हे एकमेव काल्पनिक लेखन, आणि तेही खरंच होतं.

गुरुवारी सुचिता मॅडमनी दार लोटून घेतलं आणि हजेरीपट टेबलावर ठेवला.

"सर, शुक्रवारचा रकाना. महामायेच्या नावापुढं गैरहजर करा, अन् मांगच्या दिवसाईलेबी. ती राजकुमारजोळ बसलीच नाई मंग. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यलो ना."

"सर, पोरीचा जन्म हाय हा."

गुरुजींनी हजेरीपट उघडला. लाल पेनाचं टोपण काढलं. बोटाने तो रकाना शोधला. पेनाचं टोक कागदाला टेकलं सुद्धा, एक बारीक लाल टिंब उमटलं. मग त्यांनी टोपण लावलं. "नाई होत मॅडम माह्याच्यानं. काय करू? हातच नाई वळत." आणि हे म्हणताना छप्पन्न वर्षांच्या त्या माणसाचा मास्क ओला झाला.

शुक्रवारी तिसरा आदेश आला. निगेटिव्ह चाचणी असलेल्या संपर्कातील परीक्षार्थीबाबत केंद्रप्रमुखांनी आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा. 'आपल्या स्तरावर' हे शब्द गुरुजींनी आयुष्यात हजारदा वाचले होते, आणि त्यांचा अर्थ 'आम्हाला विचारू नका' असा असतो हे त्यांना ठाऊक होतं. पण बुडत्याला ते शब्दसुद्धा लाकडासारखे दिसले. शनिवारी त्यांनी महामायेची चाचणी करून घेतली. निगेटिव्ह. चार प्रतींत अर्ज लिहिला.

धम्मशीला शाळेच्या अंगणात आली आणि आपणहून एका वर्तुळात उभी राहिली.

"गुर्जी, घेतीन ना तिले?"

"नियमात बसते, बाई. आता नियमात बसते."

"तुमी म्हनता त बसनच," ती म्हणाली. "मी उद्या कामाले जात नाई. वाट पाहतो."

रविवारी सकाळी गुरुजींनी महामायेला मोटारसायकलवर मागे बसवलं. सहा फूट कसे ठेवणार? दोघांच्या मध्ये त्यांनी परिपत्रकांची फाईल ठेवली.

परीक्षा केंद्राच्या फाटकावर तालुक्याहून आलेल्या, संपर्कातल्या पोरांच्या याद्या चिकटवल्या होत्या. केंद्रप्रमुख अर्जुनराव भला माणूस होता. त्यांनी चाचणी पाहिली, अर्ज पाहिला, आदेश पाहिला आणि म्हणाले, "सर, मी घेतलं असतं. आईशपथ, नाव एकदा असतं त डोळे मिटून घेतलं असतं. हिचं दोनदा हाय."

होतं. वर एक, खाली एक. दोन्ही त्याच लग्नपत्रिकेच्या अक्षरात.

"दोनदा म्हंजे दोन बाधितांच्या संपर्कात. आत दोनशे पोरं हायेत."

"अहो, एकच बाधित हाय! दुसरी यादी सुधारित..."

"मंग तालुक्याहून तसा फोन करून द्या. लगेच सोडतो."

गुरुजींनी गोकुळभाऊंना फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. अख्ख्या जिल्ह्यात तेवढा एकच माणूस संपर्काबाहेर निघाला होता. गुरुजींनी एकोणीस वेळा लावला. मॅडमना लावला, त्यांनी आणखी चौघांना लावला. गुरुजींनी फाटकाच्या गजांतून हात जोडले. "माह्या नोकरीचं काय करायचं ते करा, पोरगीले आत घ्या." अर्जुनराव दुसरीकडे पाहू लागले. साडेअकराची घंटा झाली आणि फाटकाला कडी लागली.

महामाया रडली नाही. तिने टोक केलेल्या दोन पेन्सिली कंपासपेटीत ठेवल्या आणि विचारलं, "सर, आता घरी जायचं का?"

गुरुजी गेले नाहीत. कडुनिंबाखाली बसून राहिले. दीड वाजता पोरं बाहेर आली, तसे ते एका बापापुढे गेले आणि प्रश्नपत्रिका मागितली. बाप म्हणाला, "न्या गुर्जी. आमच्या दिवट्यानं उघडलीबी नसन, कोरीच हाय."

"बस पोरी," गुरुजी म्हणाले. "दोन तास. ऐंशी प्रश्न."

आणि कडुनिंबाखाली परीक्षा सुरू झाली. परीक्षार्थी एक, पर्यवेक्षक एक. गुरुजी हात मागे बांधून तिच्याभोवती फिरत होते. उसाच्या रसवाल्याने घुंगरू वाजवले तर त्याला दटावून आले. साडेतीनला टुंग झालं. नवा आदेश होता: लक्षणं नसलेल्या शालेय संपर्कांना विलगीकरणाची आवश्यकता नाही, तात्काळ प्रभावाने. गुरुजींनी तो पूर्ण वाचला, मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाले, "शेवटची दहा मिनिटं."

मग त्यांनी लाल पेनाने तपासायला घेतलं, तिच्याकडे पाठ करून. ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर. सत्तरच्या वर गुण गेले की यादीतलं नाव चुकत नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. पेन हातात तसंच होतं. मग त्यांनी एका बरोबर उत्तरावर फुली मारली. अजून एकावर मारली. बावीस फुल्या मारल्या. हात आता वळत होता.

"किती, सर?"

"बावन्न."

महामायेने पेपर घेतला आणि घडी करून फायलीत सरकवला. वाटभर मागून नुसती पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. टेंभखेडच्या वळणावर तिने गुरुजींच्या पाठीला बोट लावलं.

"सर, अठ्ठेचाळिसावं बरोबर हाय."

गुरुजींनी गाडी थांबवली.

"अन् एकसष्टावंबी. अन् हे सरासरीचं त विहारात तुमीच शिकोलं होतं."

गुरुजींना वळून पाहता आलं नाही. रस्त्याकडेने तुरीच्या काड्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे पाहत ते बसून राहिले.

"राहू द्या, सर," मागून आवाज आला. "आईले बावन्नच सांगा."

धम्मशीला दारातच उभी होती. धुतलेलं लुगडं नेसली होती. पोरीचा चेहरा पाहून तिला कळलं, तरी तिने विचारलं, "नाई घेतलं का, गुर्जी? घेतलं असतं त किती पडले असते?"

गुरुजींनी मास्क नाकावर नीट केला. महामाया गाडीवरून उतरली आणि आईचा पदर धरून म्हणाली, "बावन्न. तसंबी नसतंच झालं, आई. पेपर लय कठीन होता."