हवालदारबाईंची चौकशी

हवालदारबाई कुठेही गेल्या की आधी बसायला जागा शोधत. सव्वीस वर्षं उभं राहून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते; तोंड तर जन्मापासूनच बोलत होतं. म्हणूनच सीमेपलीकडून पळून आलेल्या लोकांच्या गल्लीचं काम साहेबांनी त्यांच्या गळ्यात मारलं. गल्लीतला एक रंगारी तीन आठवडे घरी आला नव्हता. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, फक्त ठाण्याला नव्हतं, कारण तक्रार नव्हती. तक्रार नाही तर शोध नाही. माणूस गेला तरी कागद आल्याशिवाय तो गेलेला धरायचा नाही, असा हा कारभार!

"जरा ओळखी वाढवा," साहेब म्हणाले.

"माहेरपण आहे मावशी तुमचं," मागून एक शिपाई खिदळला.

"माझ्या माहेरी तुझ्यासारख्याला दाराबाहेर बांधतात," म्हणत बाई निघाल्या.

गल्लीतल्या पहिल्याच दारात त्या गोड हसून म्हणाल्या, "काही नाही हो, सहज चौकशी करायला आले."

झालं! दारं धडाधड लागली. इस्त्रीवाल्या आजोबांनी मागच्या खिडकीतून उडी मारून पाय मुरगळून घेतला. बाई त्यांना सावरायला धावल्या, तर ते लंगडत दुप्पट जोरात पळाले.

एकच दार उघडं राहिलं, रंगाऱ्याच्या बायकोचं. ती कपडे शिवायची. मांडीवर कोट, तोंडात टाचण्या, पळणार कशी?

"सगळे का गं पळाले?"

तिनं टाचण्या काढल्या. "तुम्हीच म्हणालात ना, चौकशी." ही भाषा ती कारखान्याच्या फाटकावर आणि सरकारी पत्रांतून शिकली होती. "पत्रात असतं, 'चौकशीअंती परत पाठवण्यात येईल.' चौकशी झाली की आमचा माणूस दिसत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं वेडे, जेवलात का, झोप लागते का, असं विचारणं म्हणजे चौकशी! आम्ही आजारी माणसाचीसुद्धा चौकशी करतो."

"आजाऱ्यालाही सोडत नाही?"

बाई बसायला जागा न शोधताच परत फिरल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्या वर्दीची पँट घेऊन आल्या. "कमरेत जरा सैल सोडून दे." शिंपिणीनं टेप लावला.

"बाई, श्वास सोडा. माप खोटं निघतं."

"सोडलाय गं!"

शिंपीण खुदकन हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. नवरा मुकादमाबरोबर लांबच्या पुलाला रंग द्यायला गेला होता. मुकादम म्हणतो, पळून गेला. "तो पळणारा नाही हो. तक्रार दिली तर आम्हाला परत पाठवतील?"

'नाही' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. असली पोकळ 'नाही' वाटत फिरणारे ढिगानं सापडतात. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. विचारून येते."

साहेबांना त्यांनी लेखीच मागितलं: तक्रार देणाऱ्याकडे कागदपत्रं मागणार नाही.

"असं लिहून देत नाहीत, बाई."

"बरं." त्यांनी साहेबांसमोरची खुर्ची ओढली आणि गुडघ्यांची कहाणी सुरू केली. डाव्या गुडघ्यापासून. उजवा सुरू व्हायच्या आत सही झाली.

शिंपिणीनं तो कागद शिक्क्यातल्या अक्षरांसकट दोनदा वाचला. मग चपला घातल्या. ठाण्याच्या पायरीवर तिनं बाईंचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

तक्रार लिहिली गेली आणि बाई फोनला चिकटल्या. तिसऱ्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात एक रंगारी होता. पुलाच्या परांचीवरून पडलेला, मांडी मोडलेली. परत पाठवतील या भीतीनं त्यानं तोंड उघडलं नव्हतं, आणि मुकादमानं तर भलत्याच नावानं भरती करून पळ काढला होता. पळाला तो हा!

बाईंनी फोन शिंपिणीच्या कानाला लावला. पलीकडून नवऱ्याचा आवाज आला आणि तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. मग आपल्या भाषेत जी सुटली ती थांबेचना. रडणं कमी, झोडपणंच जास्त.

"मावशी, किती वेळ? लाइन मोकळी करायला सांगा की," शिपाई कुरकुरला.

"गप रे," हवालदारबाई म्हणाल्या. "नवराबायकोचं चाललंय. तिला पाणी आण."