देवीपुढची चावी

माझी अक्का, थोरली बहीण, तमिळ मुलखात तिरुविडैमरुदूर गावाच्या पलीकडे नारळाच्या मळ्यात एकटी राहायची. भावजी गेल्यापासून तिच्या मुलाने सिंगापूरहून एकच धोशा लावला होता, मळा कुणाला तरी कसायला दे आणि माझ्याकडे ये. अक्का काही ऐकत नव्हती. कालव्याकाठच्या चिखलात तिची स्कूटर रुतायची, म्हणून तिने एक जुनी एटीव्ही घेतली. जाड फुगीर चाकांची आणि मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. साठी उलटलेली माझी बहीण पदर खोचून तिच्यावर बसायची आणि मळाभर भटकायची. लोक हसले की हॉर्न वाजवायची. ही गाडी मला चालवता येते तोवर मळा माझा, असं ती म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पुढे गाडीही रुतायला लागली तेव्हा तिने विंच मागवलं. ते गाडीच्या नाकाशी बसतं आणि विजेवर दोर गुंडाळतं. दोराचा आकडा एखाद्या माडाला अडकवायचा, हँडलवरचं बटण दाबायचं, की गाडी स्वतःला ओढून बाहेर काढते. बसवायला अर्थातच मी. मी जवळच मेलकावेरीत राहतो, कॉलेजात विजेचं शिकवण्यात जन्म गेला, आणि नात्यात कुणाचा मिक्सर बंद पडला तरी बोलावणं मलाच येतं. मला ते आवडतं. नको तितकं आवडतं.

या कामात सांभाळायची गोष्ट एकच. विंचच्या जाड तारा सरळ बॅटरीला जातात, पण बटणाची बारीक तार अशा जागेहून घ्यायची जिथे चावी फिरवल्यावरच वीज येते. मग चावी काढली की बटण मुकं. त्या जागेपर्यंत पोचायला गाडीचं पुढचं सगळं प्लॅस्टिक उघडावं लागत होतं, आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे आदल्या संध्याकाळीच पुस्तकं आणि हत्यारं देवीपुढे मांडतात, आणि विजयादशमीपर्यंत त्यांना हात लावत नाहीत.

"अरे, अस्की आयुधं आण की!" अक्का आतून ओरडली, आमच्या तमिळ मुलखातल्या मराठीत, जिथे 'सगळी'ला अस्की म्हणतात आणि 'आणि'ला होर. "किती वेळ बसू?"

मी बारीक तार बॅटरीलाच जोडून टाकली. दशमीनंतर नीट करू म्हटलं. बटण दाबलं, विंच फिरलं, अक्काने टाळ्या वाजवल्या. आकडा अंगणातल्या माडाला होता, तो तसाच राहिला. पक्कड, पाने, टेस्टर पुसून मी देवीपुढे ठेवले, त्यांच्याशेजारी गाडीची चावी ठेवली. तार कुठे जोडली आहे ते अक्काला सांगितलं नाही. वर्गात नियम शिकवणारा माणूस घरी वेळ मारून नेतो, हे तिला कशाला कळायला हवं होतं?

सकाळी पूजा झाली. गाडीला झेंडूची माळ, चारी चाकांखाली लिंबं. अक्का चंदनाची वाटी घेऊन गाडीला टिळे लावत निघाली. दिवा, आरसा, हँडल, आणि मग विंचचं बटण. अंगठ्याने चंदन लावायचं म्हणजे दाबायचंच की. विंच गुरगुरलं, दोर ताणला गेला, आणि न्यूट्रलमधली गाडी माडाकडे निघाली. अक्काने घाबरून हँडल घट्ट धरलं, तसा अंगठा बटणावर आणखीच रुतला. मी सवयीने ओरडलो, "चावी बंद कर, चावी!" चावी तर आत होती, देवीपुढे, मीच ठेवलेली. मागचं चाक तिच्या पावलावरून गेलं, ती पडली, आणि बटण सुटल्यावर गाडी थांबली.

जमिनीवर पडल्या पडल्या ती मला विचारत होती, "चावी तर देवीकडे आहे की रे?"

हाडं मोडली होती. दवाखान्यात प्लॅस्टर चढताना मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "होऊंदे. पाय मज मोडला, होर तू कां रडतोस?" मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन हातात घेऊन त्याला म्हणालो, "चूक माझी. मी तार चुकीच्या जागी जोडली. चावी नसतानाही विंच चालत होतं."

तो हसला. "मामा, अम्माला पाठीशी घालू नका. तुम्ही असलं काम करणार नाही. तिनेच चावी लावली असेल, होर आता तिला आठवत नाही."

"चावी देवीपुढे होती," अक्का खाटेवरून म्हणाली.

"बघा, आठवतच नाही तिला," तो हळूच मला म्हणाला.

मी परत सांगितलं, पण कसं सांगितलं ते मला माहीत आहे. आपलं म्हणणं खोडलं जावं अशी आशा असलेला माणूस जसं सांगतो तसं. खरं बोलल्याचं पुण्य पदरात पडत होतं आणि नावही शाबूत राहत होतं. त्या क्षणी मला हायसं वाटलं. बहीण समोर प्लॅस्टरमध्ये पडली होती, तिचा मुलगा तिला विसरभोळी ठरवत होता, आणि मला हायसं वाटलं. याची शरम मला त्या तारेपेक्षा जास्त वाटते. अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर भाच्याचं पारडं जड झालं. अम्माला आठवत नाही, मामांना विचारा, असं तो नात्यात सगळ्यांना सांगू लागला. मला कुणी विचारलं की मी खरं तेच सांगायचो, आणि ऐकणारे माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करायचे. अक्काचं पाऊल जुळलं, पण गाडीवर चढण्याइतकं वळेना. अखेर तिने मळा शेजारच्या गावच्या एकाला कसायला दिला, गाडीसकट. घर तेवढं ठेवलं, सिंगापूरला जायची तारीख ठरेपर्यंत. मी मधल्या काळात सगळं प्लॅस्टिक उघडून ती तार योग्य जागी नेली होती. एका दुपारचं काम होतं.

परवा मी तिच्याकडे गेलो तेव्हा तो मळेकरी ओसरीवर कॉफी घेत बसला होता. तमिळमध्ये म्हणाला, "गाडी झकास आहे, अम्मा. चावी काढली की विंचचं बटण दाबा नाहीतर ठोका, काही हलत नाही. वायरिंग करणारा माणूस फार काळजीने काम करणारा दिसतो."

"हाच तो," अक्का म्हणाली. "माझा भाऊ. कॉलेजात शिकवतो."

तिच्या आवाजात टोमणा शोधत मी बसलो. टोमणा नव्हता, तिला खरंच अभिमान वाटत होता. मळेकऱ्याने मला हात जोडले, आणि मीही जोडले.