फौजींचं सूप आणि पाटणचा बाजार

आमच्या घरात सूप हा चेष्टेचा विषय होता. आमचे हे फौजेतून निवृत्त झाले ते लंगरातली सुपाची सवय घेऊनच. थंडी पडली की आमच्या सांगलीजवळच्या कुपवाडहून थेट पाटणच्या आठवडी बाजाराला जायचे, पिशवीभर भाज्या आणायचे आणि पातेलं चढवायचे. मी दरवेळी म्हणायचे, "भांडी विसळलेलं पाणी बरं याच्यापेक्षा!" तरीही माझ्यासमोर वाटी यायचीच.

ते जाऊन सात महिने झाले. यंदा थंडी पडली आणि स्वयंपाकघर गप्पच राहिलं. मला ते सहन होईना. शेवटी त्यांची लाल ठिगळाची हिरवी पिशवी उचलली आणि निघाले.

सांगली स्टँडवरून कराड, तिथून पाटणची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. सकाळी लवकर निघा, नाहीतर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकाल. बाजाराचा वार मात्र आधी विचारून घ्या. मला खिडकीची जागा आयती मिळाली. एरवी त्यासाठी मी यांच्याशी भांडायचे. कराडला सवयीने दोन चहा सांगितले आणि मग एक परत केला.

पाटणच्या बाजारात भाजी वाट्यावर मिळते. गोणपाटावर छोटे छोटे ढीग, वीस रुपयांना एक. मी एका मावशींकडे घेवड्याचा निम्मा वाटा मागितला. एकट्या बाईला पुरा कशाला?

"आवं, वाटा कुनी मोडतं व्हय?" मावशी हसल्या. मग त्यांची नजर पिशवीवर गेली. "ही फौजींची न्हवं? तुमी त्यांच्या मंडळी? फौजी कुठं हायत?"

"घरी आहेत," मी म्हणाले. भर बाजारात मला रडायचं नव्हतं.

"मग काय द्यायचं ते सांगू नगा, त्यांचं ठरल्यालं हाय." मावशींनी गाजर, टोमॅटो, भोपळ्याची फोड आणि आल्याचा तुकडा पिशवीत टाकला. घेवड्याची शेंग मोडून काडकन वाजतेय का तेवढं बघितलं. "फौजी म्हनायचं, 'कवळ्याच शेंगा द्या. आमच्या मंडळींना सूप लय आवडतं, त्यांच्यासाठनं तर येतो एवढ्या लांबनं.'"

मी वाट्यांचे पैसे मोजून दिले. मावशींनी वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. "ही फौजींना. पैसं नगंत."

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवरच ठेवली. ओल्या कोथिंबिरीचा वास सांगलीपर्यंत येत होता. माझ्या त्या टोमण्यांनी त्यांना काय वाटत असेल, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझाच राग आला.

घरी आल्यावर पातेलं चढवलं. भाज्या बारीक चिरल्या, आलं ठेचलं, मिरी घातली. कृती कधी बघितलीच नव्हती, सगळं अंदाजाने. सूप पातळच झालं, अगदी त्यांच्यासारखं. ओट्याशी उभं राहून मी दोन वाट्या प्यायले, तिसरी वाढून घेतली.

पाटणला कोवळ्या भाजीसाठी जरूर जा. मलाही एकदा परत जायचंय, मावशींपाशी खरं बोलायला. एक खोटं त्यांना यांनी सांगितलं होतं, एक मी. यांचं आता खरं झालंय. माझं मात्र कधीच खरं होणार नाही.