ब्रेकनानांची झाडांची फेरी

शहरबस चालवण्यात उभी हयात गेली, पण ब्रेकनानांनी कधी अपघात केला नाही. रस्त्यात कुत्रं दिसो नाहीतर वाऱ्यावर उडणारी पिशवी, यांचा पाय ब्रेकवर. आतले प्रवासी एकमेकांच्या अंगावर आदळत, नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि शेवटी धडधाकट घरी पोचत. नाव तिथूनच पडलं, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही.

झाडांशी मात्र त्यांचं हाडवैर. झाड म्हणजे टपाला घासणारी फांदी आणि काचेवर गळणारा चीक, एवढीच त्यांची ओळख. त्यातही बाजाराच्या वळणावरचा जुना वड म्हणजे डोळ्यांत सलणारं कुसळ. त्याने एकदा त्यांच्या गाडीचा आरसा फोडला होता. तेही त्यांनी एक वेळ पोटात घातलं असतं. पण गेल्या वर्षी त्याच वडाच्या मुळाला ठेच लागून नानांची बायको पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, "आता चाला." बाई काही फाटकाबाहेर पाऊल टाकेना. नवऱ्याच्या विचित्र पाळ्या सांभाळत जिने शाळा, बाजार, दवाखाना पायी पालथा घातला, ती काठी घेऊन खिडकीशी बसून राहू लागली. ही आता अशीच बसणार की काय, या विचाराने नानांना जेवण गोड लागेना. शेवटी लेकीनेच सुचवलं, "बाबा, आईला झाडं आवडतात ना? मग एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत न्या."

नानांना झाडं कळत नसली तरी थांबे कळत होते. त्यांनी आधी एकट्याने फिरून मार्ग आखला. बेकरीसमोरची तुती, दवाखान्याजवळची निलगिरी, शाळेच्या कुंपणालगतचा गुलमोहर आणि तिथून माघारी. प्रत्येक बुंध्यावरून हात फिरवून पाहिला, टेकताना बायकोला टोचायला नको म्हणून. आयुष्यात त्यांनी झाडाला प्रेमाने म्हणावा असा हात पहिल्यांदाच लावला, आणि तोही तपासणीचा.

निघताना बायकोने अट घातली. "चालेन मी. पण सारखं मागे वळून माझ्याकडे बघायचं नाही. मी काही पडायला टेकलेली नाही."

"छे, कशाला बघतोय!" नाना म्हणाले आणि दाढीचा छोटा आरसा गुपचूप खिशात टाकून निघाले.

पुढे नाना, मागे बायको. चार पावलं झाली की नाना आरसा काढून मिशी निरखत. मिशीचं इतकं कौतुक त्यांना लग्नाच्या वेळीही नव्हतं.

बायकोचं वेगळंच चाललेलं. तुतीला तिने थोरल्या जाऊबाई करून टाकलं. "जवळ गेलं की डाग पडल्याशिवाय सुटका नाही." साल सोलून उभी असलेली निलगिरी म्हणजे भावोजी, सदानकदा बनियन काढलेले. नाना "चल, उशीर होतोय" म्हणायचे. कशाला उशीर, ते त्यांनाही ठाऊक नसायचं. ती पान चुरून त्यांच्या नाकाशी धरायची, नाना शिंकायचे. पण संगतीचा गुण लागतोच. एके दिवशी नानाच म्हणाले, "अगं, भावोजींनी आणखी साल टाकली बघ."

मग ती सकाळ आली. गुलमोहराशी नाना सवयीने वळले. बायको वळलीच नाही.

"आज पुढे जायचं."

"पुढे काही नाही."

"वड आहे."

नानांचा आवाज चढला. "त्या मेल्याचं नाव काढू नकोस! अर्ज देऊन तोडायलाच लावतो त्याला."

"मुळाने काय उठून पाय घातला होता? भाजीवालीशी बोलत, मागे बघत चालले होते मी. मागे बघत चाललं की असंच होतं." तिने हात पुढे केला. "आणा तो आरसा."

"कसला आरसा?"

"मिशीचा! अहो, पहिल्या दिवसापासून त्याचा कवडसा माझ्या डोळ्यांवर येतोय."

नाना गोरेमोरे झाले. आरसा निमूट तिच्या हातात गेला. आता पुढे बायको आणि मागे नाना. वळणावर वड तसाच होता, मुळाने उचललेली फरशीही तशीच. बायकोने आधी काठी पलीकडे टेकवली, मग एक पाय, मग दुसरा. पोचली. वडाच्या बुंध्यावर तळहात ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मग तिने मागे वळून न बघता आरसा वर धरला. त्यात मुळाच्या अलीकडेच थिजलेले नाना दिसत होते. डोळे पाण्याने भरलेले, आणि पाऊल काही केल्या उचलत नव्हतं.

"पडले मी," ती आरशात बघत म्हणाली, "आणि भीती मात्र तुमच्या पायांत जाऊन बसली. या आता. मी बघतेय तुमच्याकडे."

नानांनी हात वर केला, वडाची पारंबी घट्ट धरली आणि पाऊल उचललं.