माटोळीची कार्डं आणि मुळगावचं सुतक

खाणीच्या ऑफिसातली नोकरी गेली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. मला चित्र काढता येत होतं, हिशेब ठेवता येत होता आणि वेळ पाळता येत होती. या तिन्हींतून होण्यासारखं काम म्हणून शुभेच्छापत्रं करायला घेतली. पणजीतल्या एका दुकानदाराने नमुने बघून गणेशचवथीसाठी पहिली ऑर्डर दिली. अट एकच: माल सोमवारी सकाळी दुकानात लागला पाहिजे, उशीर झाला तर परत न्यायचा.

कार्डावर माटोळी होती. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, नारळ, सुपारीचे घोस बांधतात, ती. बाकी फळं छापलेली, पण मधला नारळ एकाच बाजूने छापून वेगळा कापलेला, सुती दोऱ्यावर खरोखर लोंबणारा. छपाई आमच्या डिचोलीच्या छापखान्यात आणि नारळ बांधायचं काम माझं.

शुक्रवारी सकाळी छापखान्यातून फोन आला, कार्डं कापून तयार आहेत. मी पिशवी घेऊन दारापर्यंत पोहोचले आणि नवऱ्याचा फोन वाजला. मुळगावचे त्याचे चुलतकाका गेले होते.

म्हणजे आम्हाला सुतक. यंदा घरी गणपती बसणार नाही हे कुणी न बोलताच कळलं. मी पिशवी हातात धरून तशीच उभी. सुतकातल्या बाईने गणपतीच्या कार्डाला नारळ बांधायचा कसा?

नवरा निघता निघता हळूच म्हणाला, "तू गप्प बांधून टाक. पणजीत कोण विचारायला येतंय?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "कोणे विचारूंक नाका. तुका खबर आसा, म्हाका खबर आसा. गणपतीक कळचें ना गो?"

मी फार देवभोळी नाही. पण कार्ड घेणारे ते गणपतीपुढे ठेवणार होते. लपवलं आणि डिचोलीतल्या कुणीतरी ते दुकानदाराच्या कानावर घातलं, तर ही पहिली ऑर्डर शेवटची. सांगितलं, तर कदाचित पहिलीही नाही. मी दुकानदाराला फोन लावून चुलतकाकांचं आणि सुतकाचं सांगितलं.

तो म्हणाला, "बाई, हे सांगितलंत कशाला? न सांगता दिली असतीत तर विकून मोकळा झालो असतो."

"म्हणूनच सांगितलं."

"थांबा. आईला विचारतो."

तो परत फोन करेपर्यंत मी अंगणातले वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, पुन्हा उलगडून घातल्या. मध्येच छापखानेवाला फोन करून म्हणाला, "ताई, येताय ना? माझं टेबल अडलंय."

शेवटी निकाल लागला. "आई म्हणते, छापखान्यातला कागद सुतकाचा नव्हे. पण तुम्ही हात लावायचा नाही. गाठी इथे दुकानातल्या मुली बांधतील."

छापखानेवाल्याने खोके दुपारच्या बसमध्ये कंडक्टरच्या हवाली केले. गाठ कशी बांधायची ते मी फोनवर सांगितलं: दोन वेढे, सपाट गाठ, दोरा बोटभर. शनिवारी फोटो आला. मुलींनी हौसेने फुलगाठी मारल्या होत्या आणि प्रत्येक नारळ फिरून पाठमोरा झाला होता.

"सोडून परत बांधायला सांगा," मी म्हटलं.

"एवढ्या गाठी कोण सोडणार? गिऱ्हाईक नारळ बघतं, गाठ नव्हे."

"नारळाची पाठ दिसतेय. बघणार काय?"

मागून एका मुलीचा आवाज आला, "आमचो मालक बरो गो, ही बाई कडक!" दुकानदाराने फोन ठेवला.

रविवारभर एक अक्षर नाही. मी मुळगावला बायकांत बसले होते आणि पदराआडून सारखा फोन बघत होते. जाऊबाईंनी दोनदा डोळे वटारले. आपण जास्त ताणलं, असं वाटायला लागलं. हात लावता येत नाही त्या मालावर हट्ट कसला?

सोमवारी दुकान उघडायच्या वेळेला फोटो आला. स्टँडवर कार्डं मांडलेली, सगळे नारळ समोर तोंड करून. पाठोपाठ त्याचा फोन.

"दिवाळीची कार्डं जरा आधी आणून द्या," तो म्हणाला. "तुमची भावकी मोठी दिसते."