माडीवरची एकटी खाट

आमच्या दोघींच्या सहलीत तिसरं माणूस येणार आहे, हे मला आरे-वारेच्या चढावर कळलं. मैत्रीण स्कूटर चालवत होती, मी मागे बसले होते. वळणावर तिने वेग कमी केला आणि मान न वळवता म्हणाली, "विहीणबाईही येतायत गो आपल्याबरोबर."

"कुठे?" कळलं होतं, तरी विचारलं.

"बालीला. लेकीने फार गळ घातली. सासरे गेल्यापासून सासूबाई घराबाहेरच पडत नाहीत म्हणते. मला नाही म्हणवेना."

"बरं झालं," मी म्हणाले. वाऱ्यात ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिने स्कूटरचा वेग वाढवला आणि मला एकदम तिच्या खांद्यावर ठेवलेला हात काढून घ्यावासा वाटला. पुढे उतार लागला म्हणून तो तिथेच ठेवला.

आम्ही दोघी टेलिफोन कचेरीत एकाच सुमारास लागलो. बोर्डावर शेजारी शेजारी बसायचो. बोटीवर गेलेल्या नवऱ्यांशी बोलायला रत्नागिरीच्या बायका ट्रंक कॉल लावायच्या आणि आम्ही त्यांना मस्कत, सिंगापूर, कुठली कुठली बंदरं जोडून द्यायचो. परदेश आम्ही कानांनी ऐकला होता, पाहिला नव्हता. "रिटायर झालो की दोघी जाऊ," असं तेव्हाच ठरलं होतं. मग तिचं लग्न झालं, मुलगी झाली, नवऱ्याची आंब्याची कलमं झाली. माझं लग्न आईच्या आजारपणात राहून गेलं ते गेलंच. भाऊ मुंबईला. मनातलं बोलावं असं माणूस मला एकच होतं, ती. तिला अशी माणसं पुष्कळ होती. ते मला ठाऊक होतं आणि चालतही होतं, कारण त्या पुष्कळांत मी पहिली आहे अशी माझी समजूत होती.

राहायची जागा आम्ही दोघींनी आधीच नक्की केली होती. माझ्या पडवीत बसून, तिच्या टॅबलेटवर फोटो मोठे करकरून. गावातल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरची खोली, दोन खाटा, खाली पावांची भट्टी. मला त्या खोलीतलं सगळ्यात काय आवडलं असेल तर खिडक्यांना बसवलेली बारीक जाळी. "फोटोत जाळी दाखवतात म्हणजे माणसं शहाणी आहेत," मी म्हटलं होतं आणि मैत्रीण खूप हसली होती.

विहीणबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मी त्यांना लग्नात पाहिलं होतं तेवढंच. फोनवरही त्या इस्त्री केल्यासारख्या दिसत होत्या.

"अहो, इतक्या लांब जायचं आणि गल्लीतल्या लॉजमध्ये राहायचं? मी एक फोटो पाठवलाय, तो बघा तरी."

फोटो आला. बांबूचं घर, गवताचं छप्पर, चहूबाजूंनी पोपटी भातखाचरं. न्हाणीघराला छप्परच नाही. आंघोळ करता करता आभाळ बघायचं. मैत्रीण नुसती बघत राहिली.

"खाचरांत पाणी आहे," मी म्हटलं. "डास फोडून काढतील."

विहीणबाई हसल्या. "कोकणातल्या माणसांना डासांचं काय हो एवढं!"

आणि मैत्रीणही हसली. जाळीवरून माझ्याबरोबर हसली होती तसंच, तेच हसू, फक्त या वेळी मी त्याच्या पलीकडच्या बाजूला होते.

त्या घरात खाली दोन खाटा होत्या आणि वर, लाकडी जिना चढून, छोट्याशा माडीवर एक. मैत्रीण म्हणाली, "तू वर झोपशील ना गो? आम्हा दोघींचे गुडघे गेलेत."

आम्हा दोघींचे. इतकी वर्षं तिच्या तोंडी 'आम्ही दोघी' म्हणजे ती आणि मी.

आंबा आटोपल्यावर मेच्या अखेरीला निघालो. विमानात त्या दोघी खिडकीकडच्या जागांवर, मी वाटेच्या पलीकडे. विहीणबाई नवऱ्याबरोबर युरोपात फिरलेल्या. पट्टा कसा बांधायचा, फॉर्मवर काय लिहायचं, सगळं त्या मैत्रिणीला दाखवत होत्या आणि ती शाळकरी पोरीसारखी मान डोलावत होती. तिची बोलीही हळूहळू पुणेरी व्हायला लागली होती. "मला ना, चहाच आवडतो," म्हणाली. मी पेपर डोळ्यांसमोर धरला.

घर फोटोत होतं त्याहून सुंदर होतं, हे मात्र कबूल करायला हवं. पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, मधून पाट, कडेने माड. घरमालकीण माझ्याच वयाची. तिने कानामागे चाफ्याचं फूल खोवलं होतं आणि दारात केळीच्या पानावर नैवेद्यासारखं काहीतरी ठेवलं होतं. मला लगेच घरच्यासारखं वाटलं. त्याचाच राग आला. भातखाचरं बघायला मी समुद्र ओलांडून आले होते!

दिवेलागण झाली तशी मी दारं लावायला धावले. आमच्याकडे ती वेळ दारं लावायचीच. पण त्या घराला लावायला दारं होती कुठे? एका बाजूला नुसता बांबूचा पडदा. विहीणबाई झुळझुळीत गाऊन घालून खाचराच्या अगदी काठावर चहाचा कप घेऊन बसल्या होत्या आणि मैत्रीण त्यांचे फोटो काढत होती.

"आत या हो, ही त्यांची वेळ आहे," मी ओरडले.

"कुणाची?" विहीणबाईंनी विचारलं.

माडीवरच्या खाटेला साधी पण घट्ट मच्छरदाणी होती. ती गादीखाली खोचून मी स्वस्थ झोपले. खालची मच्छरदाणी शोभेची. पुढून पडद्यासारखी उघडी, दोन्ही बाजूंना रिबिनीने बांधलेली.

सकाळी खाली आले तर विहीणबाईंचा एक डोळा सुजून मिटला होता. हातांवर, मानेवर, पावलांवर गांधी उठल्या होत्या. मैत्रिणीला चार-दोन चावे होते, पण तिचं रक्त डासांना कधीच फारसं गोड लागलेलं नाही. मला क्षणभर असा आनंद झाला की काय सांगू. डासांनी माझी बाजू घेतली होती.

तो आनंद चहा होईपर्यंत टिकला. चहा घेऊन गेले तर मैत्रीण विहीणबाईंच्या खाटेवर बसून एकेका गांधीला बोटाच्या टोकाने मलम लावत होती. लावून झालं की फुंकर घालत होती. मला कावीळ झाली तेव्हा ती माझ्या उशाशी अशीच बसली होती. घरात तान्हं मूल असताना. ते तसं बसणं माझं आहे, ते ती फक्त माझ्यासाठी बसते, असं मी किती वर्षं धरून चालले होते.

तिने मला बाहेर पडवीत ओढलं. "तू काही बोलू नकोस हं."

"मी काय बोलू?"

"मी सांगितलं होतं वगैरे. त्यांना लागेल."

म्हणजे माझं बरोबर निघालं, ते मीच गिळायचं होतं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की बोलायचं नाही ना, मग काहीतरी करू. मालकिणीच्या मागच्या अंगणात नारळ सोलून उरलेल्या सोडणांचा ढीग होता. मी खुणेनेच मागितली. तिने काय समजायचं ते समजून एक फुटकं मातीचं भांडं आणून दिलं. मी सोडणं पेटवली, विझवली, वर थोडा ओला पाला घातला आणि ती धुरी घेऊन घरभर फिरले. लहानपणी आई गोठ्यात फिरायची तशी. डास हटलेच. पण विहीणबाईंना खोकल्याची उबळ आली आणि थांबेना. त्या पाणावलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत होत्या.

"पुरे गो!" मैत्रीण माझ्यावर ओरडली. "गोठा आहे काय हा? त्यांना धूर सोसत नाही, दिसत नाही तुला?"

दोन दिवस पुणेरी बोलणाऱ्या तिचा रत्नागिरीचा हेल माझ्यावर ओरडताना बरोबर परत आला होता. मालकीण माझ्या हातातलं भांडं हळूच काढून घेऊन गेली. मी माडीवर गेले. खाली त्या दोघी हळू आवाजात बोलत होत्या आणि मी जिन्याच्या तोंडाशी, शब्द कळतात का म्हणून, श्वास रोखून बसले होते.

सकाळी कुणी उठायच्या आत मी पायी गावात गेले. ती गल्ली सापडली, भट्टीच्या वासानेच सापडली. दुसऱ्या मजल्यावर दोन खाटांची खोली रिकामी होती. मी आधी खिडकीशी जाऊन जाळीला बोट लावून पाहिलं. मग म्हटलं, घेते. दुसरी खाट कोणासाठी, हा विचार मी केला नव्हता. एकटीला दोन खाटा घेऊन राहणार होते.

परत येऊन बॅग भरली आणि खाली उतरले. दोघी नाश्त्याला बसल्या होत्या.

"मी गावात राहायला जाते," मी म्हटलं. "तुम्ही राहा इथे. फिरायला भेटू."

मैत्रिणीचा हात थांबला. "म्हणजे काय? काय झालं तुला?"

"वर उकडतं."

"उकडतं? खरं सांग काय ते."

"उकडतं म्हटलं ना."

आम्ही एकमेकींकडे बघत होतो. एवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "ताई, त्या खोलीत खाटा किती आहेत?"

"दोन."

"मग मला न्याल का?"

मैत्रीण त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, पण तुम्हाला इथलं इतकं आवडलंय!"

"फोटोत आवडलं हो," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चिरकला. "काल मी पायजम्याचे पाय मोज्यांत खोचून, डोक्यावरून चादर घेऊन बसून होते. जागा मीच निवडली, आता बोलायची सोय आहे का? ताई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या."

ते वाक्य मला मैत्रिणीच्या तोंडून ऐकायचं होतं.

शेवटी तिघीही गेलो. मैत्रिणीला आमच्या शेजारची एका खाटेची खोली मिळाली. दुपारी ती आडवी झाली आणि मी आणि विहीणबाई समोरासमोरच्या खाटांवर बसलो. मी आपली पिशवीतल्या वस्तू काढून पुन्हा भरत होते.

"तुम्हाला मी आलेलं आवडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हटलं नाही.

"लग्नात मी तुम्हा दोघींना पाहिलं होतं. सगळी पंगत उठल्यावर तुम्ही मागच्या बाजूला एकाच ताटात जेवत होता. कशावरून तरी भांडत होता आणि त्यांच्या बाजूची भजी तुम्ही उचलत होता. मी ह्यांना म्हटलं, मला असं कुणी नाही. ते म्हणाले, मी आहे ना. ते तर गेले." त्यांनी उशी मांडीवर ओढून घेतली. "लेकीने गळ घातली असं तुमच्या मैत्रिणीला वाटतं. सूनबाईला मीच म्हटलं, मला त्यांच्याबरोबर पाठव."

ही बाई माझं माणूस न्यायला आली आहे असं मला आरे-वारेच्या चढापासून वाटत होतं. माझा अंदाज खोटा नव्हता. ती त्यासाठीच आली होती, आणि ते तिने माझ्या तोंडावर सांगितलं. यावर रागवायचं कसं, ते मला कळेना. मी उठून त्यांच्या मानेवर मलम लावलं. फुंकर मात्र घातली नाही.

मग त्या हळूहळू खुलल्या. बिनछपराच्या न्हाणीघरात अंगाला साबण लावलेला असताना डास आले, तेव्हा त्यांनी डोक्यावर छत्री उघडून एका हाताने तांब्या कसा धरला होता ते त्यांनी खाटेवर उभं राहून करून दाखवलं. मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. त्याही हसत होत्या, सुजलेल्या डोळ्याने.

दारावर टकटक झाली. मैत्रीण केस विस्कटलेल्या अवस्थेत उभी होती.

"काय झालं एवढं हसायला?"

"काही नाही गो," मी म्हटलं.

"भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं."

"मग कळलंच असेल."

"शब्द कळत नाहीत," ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली. तिचा चेहरा मी बघत होते. हा चेहरा आतून कसा वाटतो ते मला गेले कित्येक दिवस माहीत होतं. बाहेरून तो असा दिसतो तर! मला वाईट वाटायला हवं होतं. पण छान वाटलं. दूध उतू जाईल इतकं छान वाटलं. मग ती आत आली, माझ्या खाटेशी येऊन म्हणाली, "सरक," आणि मी सरकले.

उरलेली सहल चांगली झाली. देवळं पाहिली, समुद्र पाहिला, आपला समुद्र बरा असं ठरवलं. विहीणबाईंचा डोळा उघडला. मैत्रीण आणि मी धुरीबद्दल एक शब्दही बोललो नाही, अजूनही बोललेलो नाही.

दिवाळीनंतर विहीणबाई रत्नागिरीला आल्या, अर्थात मैत्रिणीकडे. एके दिवशी मी त्यांना जेवायला बोलावलं, त्यांना एकटीला. मुद्दामच. बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली. आम्ही पानावर बसतोय तोच दारात स्कूटर थांबली. मैत्रीण डबा घेऊन उभी होती.

"इकडूनच चालले होते," ती म्हणाली. तिचं घर अगदी उलट्या दिशेला आहे. "म्हटलं, घावणे केलेत, देऊन जावेत."

मी तिसरं पान मांडलं. ती आमच्या दोघींच्या मधे बसली. गप्पा रंगल्या, घावणे संपले. विहीणबाईंनी सोलकढीची रिकामी वाटी पुढे केली, ती मैत्रिणीपुढे, आणि तिने ती हसत हसत भरून दिली. माझं घर, माझी सोलकढी. मी पातेलं अलगद माझ्या बाजूला ओढून घेतलं.